धानावरील ड्रोन फवारणी : कीड कोठे बसते, थेंब कोठे पोहोचतो?

रायपूर, धमतरी, महासमुंदपासून गोंदिया, भंडारा, गडचिरोलीपर्यंतचा धानपट्टा राज्यांच्या सीमेने दुभंगलेला असला, तरी किडींच्या दृष्टीने तो एकच आहे. सप्टेंबरच्या अखेरीस पावसाची उघडीप पडली, बांधीत पाणी साचून राहिले आणि नत्राची मात्रा अधिक झाली, की दाट वाढलेल्या धानाच्या बुंध्याशी तपकिरी तुडतुडे वाढू लागतात. छत्तीसगडचा शेतकरी या किडीला ‘माहू’ म्हणतो. वरून पाहता पीक हिरवेगार दिसते. मग आठ-दहा दिवसांत शेताच्या मध्यभागी पिवळे, पुढे करपलेले गोल खळे पडते आणि ते पसरत जाते. कापणी तीन-चार आठवड्यांवर आलेली असताना हाती आलेले पीक डोळ्यांदेखत जाते.

अशा वेळी गावात आता फवारणीचा ड्रोन उपलब्ध असतो. चिखलात उतरावे लागत नाही, मजुरांची वाट पाहावी लागत नाही आणि एक एकर काही मिनिटांत आटोपते. त्यामुळे ‘ड्रोन बोलवा’ हा सल्ला सहज दिला जातो. हा सल्ला काही किडींसाठी योग्य आहे, काहींसाठी अपुरा आहे आणि काहींसाठी निरुपयोगी आहे. प्रस्तुत लेखात या निवडीमागील शास्त्रीय आधार व प्रत्यक्ष वापरातील दक्षता यांची माहिती दिली आहे.

धानाच्या शेतातून आलेले तंत्रज्ञान

मानवरहित उड्डाणयंत्राने फवारणी करण्याची कल्पना मुळात धानाच्या शेतातच रुजली. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९८७ साली आर-५० हे दूरनियंत्रित हेलिकॉप्टर फवारणीसाठी आणले. शेतीतील मनुष्यबळ वृद्ध होत चालले असताना चिखलात न उतरता धानावर फवारणी व्हावी, हा त्यामागील हेतू होता. आजचा विद्युत घटावर चालणारा, चार ते आठ पंख्यांचा ड्रोन हे त्याच विचाराचे हलके व स्वस्त रूप आहे.

भारतात ड्रोन नियम, २०२१ ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झाले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोनद्वारे कीडनाशके वापरण्याची प्रमाणित कार्यपद्धती प्रसिद्ध केली. एप्रिल २०२२ मध्ये ४७७ नोंदणीकृत कीडनाशकांना ड्रोनवरील वापरासाठी दोन वर्षांची अंतरिम मुभा मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये धानासह दहा पिकांसाठी पीकनिहाय कार्यपद्धती आल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेस मंजुरी मिळाली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे तिचे उद्दिष्ट असून किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य व १५ दिवसांचे प्रशिक्षण यांची तरतूद आहे. उर्वरित रक्कम गटाला कर्जाने उभारता येते.

ही शेवटची बाब विस्तार कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. कर्ज फेडण्यासाठी गटाला एकरी भाड्याचे काम हवे असते. जेथे ड्रोन उपयोगी नाही तेथे तो फिरवला आणि कीड हटली नाही, तर शेतकऱ्याचे पीक जाते आणि गटाची पतही जाते. पुढच्या हंगामात त्या गावात ड्रोनला कोणी विचारत नाही. चुकीच्या किडीवर केलेली एक फवारणी असे दुहेरी नुकसान करते.

ड्रोनचा खरा लाभ

ड्रोनचा सर्वांत मोठा लाभ माणसाच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याइतक्या वाढलेल्या पिकात फवारणाऱ्याच्या श्वासावाटे व त्वचेवाटे विष शरीरात जाते. ड्रोनमुळे माणूस या तुषारांच्या बाहेर राहतो, हा लाभ निर्विवाद आहे.

मात्र येथे धोका नाहीसा होत नाही, तो शेतातून बांधावर येतो. समजा, एखाद्या औषधाची शिफारस हेक्टरी ३०० ग्रॅम, म्हणजे एकरी १२० ग्रॅम आहे. पाठीवरच्या पंपासाठी ते २०० लिटर पाण्यात मिसळल्यास लिटरला ०.६ ग्रॅम औषध येते. ड्रोनसाठी तेच १२० ग्रॅम १० लिटरमध्ये मिसळल्यास लिटरला १२ ग्रॅम येते, म्हणजे द्रावण वीसपट तीव्र होते. टाकी भरणाऱ्या, नोझल साफ करणाऱ्या आणि गळती पुसणाऱ्या हातांना या वीसपट तीव्र द्रावणाशी सामना करावा लागतो. म्हणून हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पूर्ण बाह्यांचा पोशाख व बूट यांची सर्वाधिक गरज टाकी भरणाऱ्या सहायकाला असते.

याच उदाहरणातून आणखी एक नियम निघतो. ड्रोनमध्ये पाणी कमी होते. क्षेत्रानुसार ठरलेली औषधाची मात्रा कमी होत नाही आणि वाढवायचीही नसते. ‘पाणी कमी म्हणून औषध कमी’ आणि ‘ड्रोन आहे म्हणून थोडे जास्त’ हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

थेंबाचे गणित

फवारणीचे यश थेंबांचा आकार, त्यांची संख्या व त्यांचे ठिकाण यांवर अवलंबून असते. थेंबाचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच द्रावणात आठपट थेंब तयार होतात. ४०० मायक्रॉन व्यासाच्या एका थेंबात १०० मायक्रॉनचे ६४ थेंब सामावतात. कमी पाण्यात अधिक पृष्ठभाग झाकायचा असल्याने ड्रोनला बारीक थेंबांवर भिस्त ठेवावी लागते.

एकरी १० लिटर म्हणजे हेक्टरी २५ लिटर द्रावण. ते २०० मायक्रॉनच्या थेंबांत विभागले, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ६० थेंब येतात. हा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु पोटरीतील धानाच्या पानांचे एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या चार-पाच पट असते. पाचपट धरल्यास आणि थेंब सर्व पानांवर अगदी समान पडले असे मानल्यास, पानाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १२ च थेंब मिळतात. कीटकनाशकाच्या परिणामासाठी साधारणपणे २० ते ३० थेंबांचा निकष धरला जातो. प्रत्यक्षात थेंब समान पडतही नाहीत. वरची पाने आपला वाटा आधी घेतात आणि बुंध्यापर्यंत फार थोडे पोहोचतात. पंख्यांचा खाली येणारा झोत पाने हलवून काही थेंब आत ढकलतो. तथापि दाट पिकात पाण्यालगतच्या चार-सहा इंचांपर्यंत त्याचे बळ टिकेलच असे नाही.

बारीक थेंबाचा दुसरा दोष म्हणजे तो वाऱ्यावर जातो. १०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर वेगाने खाली येतो. दोन मीटर उंचीवरून उतरायला त्याला आठ सेकंद लागतात. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर तेवढ्या वेळात तो २४ मीटर दूर जाऊ शकतो. छत्तीसगडमध्ये गावागावाला तलाव आहे व त्यात मासे पाळले जातात. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी असतात. धुऱ्यावरची तूर फुलोऱ्यात असेल, तर तेथे मधमाश्या येतात. चोवीस मीटर हे अंतर या दोन्हींच्या दृष्टीने फार मोठे नाही.

किडीचे वास्तव्य पाहून निर्णय

धानावरील प्रमुख किडींचा विचार त्यांच्या वास्तव्यानुसार केल्यास ड्रोनची उपयुक्तता स्पष्ट होते.

१. पाने गुंडाळणारी अळी (चितरी) : ही अळी पिकाच्या वरच्या थरातील पानांत राहते. ड्रोनचे थेंब प्रथम याच थरावर पडतात. प्रति चूड दोन नुकसानग्रस्त पाने ही आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असल्यास ड्रोन फवारणी उपयुक्त ठरते.

२. लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी : दिवसा ही अळी चुडांच्या बेचक्यात व ढेकळांखाली लपते आणि सायंकाळनंतर वर चढून लोंब्या कुरतडते. प्रति चौरस मीटर ४ ते ५ अळ्या आढळल्यास फवारणी सायंकाळी करावी. कमी वेळात मोठे क्षेत्र झाकता येत असल्याने येथे ड्रोनचा वेग उपयोगी पडतो.

३. पिवळा खोडकिडा : पतंग पानाच्या टोकाकडे अंडी घालतो, अंड्यांतून निघालेली अळी थोड्याच काळात खोडात शिरते. अळी बाहेर असते तेवढ्याच अवधीत फवारणीचा उपयोग होतो. पळींज दिसू लागल्यावर कोणत्याही साधनाने केलेली फवारणी वाया जाते.

४. गादमाशी (गंगई) : अळी वाढबिंदूत असते व पोंग्याचे चंदेरी नळीत रूपांतर झाल्यावरच प्रादुर्भाव नजरेस येतो. तेव्हा ड्रोन किंवा पंप यांपैकी काहीही उपयोगाचे नाही. प्रतिकारक वाण हाच खरा उपाय होय.

५. तपकिरी तुडतुडे (माहू) : पिल्ले व प्रौढ बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत बसून रस शोषतात. ड्रोनचे थेंब जेथे सर्वांत कमी पोहोचतात, नेमके तेच यांचे घर आहे.

तपकिरी तुडतुडे : गैरसमज व उपाय

‘औषध आंतरप्रवाही आहे, पानावर पडले तरी बुंध्यापर्यंत जाईल’ असे अनेकदा सांगितले जाते. हा समज दूर होणे आवश्यक आहे. बहुतांश आंतरप्रवाही कीटकनाशके वनस्पतीत पाण्याबरोबर वरच्या दिशेने वाहतात. मुळाशी किंवा बुंध्याशी दिलेले औषध शेंड्याकडे जाते. शेंड्याच्या पानांवर पडलेले औषध पुरेशा प्रमाणात खाली उतरत नाही. म्हणून या किडीसाठी औषध बुंध्यावरच पडले पाहिजे.

अर्धवट पोहोचलेली फवारणी न केलेल्या फवारणीपेक्षा अधिक घातक ठरू शकते. वरच्या थरात वावरणारे चतुर व जाळे विणणारे कोळी औषधाच्या मार्गात येतात, तर तळाशी असलेले तुडतुडे वाचतात. तुडतुड्यांची अंडी खाणारा मिरिड ढेकूण आणि बुंध्याशी शिकार करणारा लांडगा कोळी हे धानातील सर्वांत मोलाचे मित्रकीटक आहेत. पायरेथ्रॉइडसारख्या औषधांनी ते नष्ट झाल्यावर तुडतुड्यांचा उद्रेक पूर्वीपेक्षा अधिक तीव्रतेने होतो, असा आशियातील धान उत्पादक देशांचा अनुभव आहे. शिवाय अपुरी मात्रा वारंवार मिळाल्याने किडीत प्रतिकारशक्ती निर्माण होते. इमिडाक्लोप्रिडच्या बाबतीत हे घडलेले आहे.

या किडीसाठी पुढील क्रम अवलंबावा.

- रोवणीच्या वेळी दर २ ते २.५ मीटरवर ३० सेंटिमीटरचा पट्टा मोकळा ठेवावा. बुंध्याशी हवा व उजेड जातो, निरीक्षण सोपे होते आणि वेळ आल्यास नोझल आत घालता येते.
- सप्टेंबरपासून आठवड्यातून दोनदा शेताच्या आत जाऊन किमान २० चुडांची पाहणी करावी. चूड हलकेच थोपटल्यास तुडतुडे पाण्यावर पडतात व मोजता येतात. धुऱ्यावरून केलेली पाहणी फसवी असते.
- फवारणीचा निर्णय मोजणीवर घ्यावा. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार कोळी नसल्यास प्रति फुटवा १ तुडतुडा आणि प्रति चूड १ कोळी असल्यास प्रति फुटवा २ तुडतुडे ही नुकसानीची पातळी आहे. शेतातील कोळी दुप्पट तुडतुड्यांचा भार पेलतो, असा याचा अर्थ.
- बांधीतील पाणी ३-४ दिवसांसाठी काढून टाकावे व नत्राचा पुढील हप्ता थांबवावा.
- फवारणी आवश्यकच ठरल्यास पाठीवरच्या पंपाचे नोझल चुडांमध्ये घालून बुंध्यावर फवारणी करावी. खळे पडू लागले असल्यास खळ्याभोवतालच्या पट्ट्याकडे विशेष लक्ष द्यावे.
- अंडी पर्णकोषाच्या आत असल्याने फवारणीतून वाचतात व साधारण ७ ते १० दिवसांत उबतात. म्हणून आठवड्याने पुन्हा मोजणी करावी.

मजूर अजिबात उपलब्ध नसल्यास व ड्रोनशिवाय पर्यायच नसल्यास उड्डाणाची उंची व वेग कमी ठेवावा, एकरी द्रावण वाढवावे आणि पुढे दिलेल्या कागदाच्या चाचणीने थेंब तळाशी पोहोचल्याची खात्री करूनच उर्वरित क्षेत्र घ्यावे.

पंधरा कागदांची चाचणी

पाणी लागताच पिवळ्याचा निळा होणारा संवेदनशील कागद बाजारात मिळतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी शेतात पाच ठिकाणी काड्या रोवून प्रत्येक काडीवर वर, मध्ये व पाण्यालगत असे तीन कागद लावावेत. टाकीत केवळ स्वच्छ पाणी भरून ड्रोन नेहमीच्या उंचीवर व वेगाने फिरवावा. नंतर भिंगातून प्रत्येक कागदावरील एक चौरस सेंटिमीटरमधील निळे ठिपके मोजावेत. वरच्या कागदावर चाळीस आणि तळाच्या कागदावर दोन-तीन ठिपके आले, तर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. हीच चाचणी धानाच्या फुटव्याच्या अवस्थेत व पोटरीच्या अवस्थेत अशी दोनदा घ्यावी. पीक दाट झाल्यावर होणारा फरक शेतकऱ्यांना स्वतः दिसतो. फवारणीनंतर ठिपके मोजले तसेच तुडतुडेही मोजावेत : फवारणीपूर्वी, तिसऱ्या दिवशी व सातव्या दिवशी.

उड्डाणापूर्वीची दक्षता

१. हवामान : वारा सेकंदाला ३ मीटरहून कमी व तापमान ३५ अंशांखाली असताना फवारणी करावी. ऑक्टोबरमध्ये पहाटेचे दव पानांवर असताना फवारल्यास द्रावण ओघळते. दव ओसरू द्यावे. धान फुलोऱ्यात असल्यास सकाळी ९ ते १२ ही फुले उमलण्याची वेळ टाळावी.

२. परिसर : तलाव, विहीर, वस्ती, मधपेट्या व फुलोऱ्यातील तूर यांच्या बाजूला पुरेसा पट्टा न फवारता सोडावा. वारा तिकडे वाहत असल्यास काम पुढे ढकलावे.

३. अडथळे : धानाच्या बांधावर बाभूळ राखणे ही छत्तीसगडची जुनी पद्धत आहे. लहान बांध्या, बाभळी व विजेच्या तारा यांची नोंद आदल्या दिवशी पायी फिरून करावी. झाडाला वळसा घालताना ड्रोन उंच गेल्यास तेथील फवारणी विरळ होते. असे कोपरे पंपाने पूर्ण करावेत.

४. सूचना : कीटकनाशी नियम, १९७१ मधील हवाई फवारणीच्या तरतुदीनुसार लोकांना किमान २४ तास आधी सूचना मिळाली पाहिजे. ग्रामपंचायतीमार्फत दवंडी देणे सोयीचे ठरते. गुरे व मुले त्या क्षेत्रात येणार नाहीत याची व्यवस्था करावी.

५. परवानगी : ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक व चालकाकडे दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र असावे. त्यासाठी वय १८ ते ६५ वर्षे व दहावी उत्तीर्ण ही अट आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत कमी उंचीवरील उड्डाणासही पूर्वपरवानगी लागते. रायपूरजवळील माना आणि गोंदियाजवळील बिरसी येथील विमानतळांभोवतीच्या गावांनी ‘डिजिटल स्काय’वरील नकाशा अवश्य पाहावा.

६. औषध : त्या पिकासाठी, त्या किडीसाठी व ड्रोनवरील वापरासाठी सध्या मान्यता असलेलेच औषध निवडावे. वीसपट तीव्र द्रावणात दोन औषधे एकत्र केल्यास साका बसून नोझल बंद पडू शकते, मिश्रण टाळावे.

विषाशिवाय ड्रोन

बचत गटाच्या ड्रोनला केवळ कीटकनाशक फवारणीवर अवलंबून राहण्याचे कारण नाही. खोडकिड्याच्या अंड्यांवर उपजीविका करणारा ट्रायकोग्रामा जापोनिकम हा परोपजीवी कीटक एकरी ४० ते ५० हजार या प्रमाणात आठवड्याच्या अंतराने सोडला जातो. ब्राझील व युरोपात ट्रायकोग्रामा शेतावर पसरण्यासाठी ड्रोनचा वापर होतो. या कामात टाकी भरणाऱ्यालाही धोका नाही आणि तलावालाही नाही. त्याचप्रमाणे ड्रोनवरील कॅमेऱ्याने तुडतुड्यांचे पहिले खळे धुऱ्यावरून दिसण्याआधी दिसू शकते. ते छायाचित्र पाहून माणसाने त्या जागी जाऊन चूड थोपटावी. अशा पाहणीचेही एकरी भाडे ठरवता येईल.

नव्या तंत्रज्ञानाचा विचार करताना बियाण्यात दडलेले तंत्रज्ञान विसरता येत नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे धानाच्या सुमारे २३ हजार नमुन्यांचा संग्रह आहे आणि गादमाशीला प्रतिकारक असलेले ‘महामाया’ हे वाण येथूनच शेतकऱ्यांपर्यंत गेले. गादमाशीच्या अळीपर्यंत थेंब पोहोचत नाही, तेथे वाणाची प्रतिकारशक्ती पोहोचते. जैविक ताणांवरील संशोधनासाठी रायपूरजवळ बरोंडा येथे उभारलेली व सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली राष्ट्रीय संस्था याच विषयाला वाहिलेली आहे.

समारोप

ड्रोन हे औषध वाहून नेणारे वाहन आहे. वाहनाची निवड मुक्काम पाहून करावी, हा व्यवहारातील साधा नियम येथेही लागू पडतो. कीड पिकाच्या माथ्यावर असेल तर ड्रोन बोलवावा. खोडात असेल तर वेळ साधावी किंवा वाण बदलावे. बुंध्याशी असेल तर पाणी काढून नोझल बुंध्याशी न्यावे. विस्तार कार्यकर्त्याने येत्या हंगामात प्रत्येक गावात एक पंधरा कागदांची चाचणी घडवून आणली, तर ड्रोन केव्हा बोलवायचा आणि केव्हा नाही, हे ठरवण्यास शेतकरी व ड्रोन चालवणारी भगिनी दोघेही समर्थ होतील.